कामाचा कासरा कुणाच्या हातात? दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठी धागा

नाईटवाली | शनिवार, सकाळी १०:०५

नाईट संपवून घरी आलो, चहा घेतला, आंघोळ केली, तरी झोप येईना म्हणून धागा काढतो. चौदा वर्षं स्टाफ नर्स आहे. आधी कोल्हापुरातल्याच एका छोट्या नर्सिंग होममध्ये, आता एका मोठ्या हॉस्पिटलात. कोणतं ते लिहीत नाही. कुणी ओळखलंच तर मनात ठेवा.

काल सर्जिकल वॉर्डला होतो. २८ पेशंट, आम्ही दोघी आणि एक मावशी. हे रोजचंच, त्याबद्दल रडत नाही. पावणेतीनला नऊ नंबरच्या आजोबांचं दुखायला लागलं. दुपारी हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, कमरेतल्या इंजेक्शनची भूल उतरलेली. शीटवर पॅरासिटामॉल आठ-आठ तासांनी, तो डोस बाराला देऊन झालेला. एसओएस म्हणून, म्हणजे मधेच दुखलं तर काय द्यायचं ते, पुढं काहीच लिहिलेलं नाही. आजोबा पन्हाळ्याकडचे, ओरडणारातले नव्हेत. उशीचा कोपरा दातात धरून पडलेले.

बीपी, पल्स बघितली. पोट बघितलं, ड्रेसिंग बघितलं, लघवी झाली का विचारलं. सगळं ठीक. काय द्यायला पाहिजे ते कळत होतं. ते इंजेक्शन माझ्या मागच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात. पण ऑर्डर नाही. ड्युटी डॉक्टरांना फोन केला, ते कॅज्युअल्टीत ॲक्सिडेंटच्या केसमध्ये. दुसऱ्या फोनला "बघतो". तिसरा उचललाच नाही. ऑर्डर आली तीन पन्नासला. म्हणजे पासष्ट मिनिटं. तेवढ्या वेळात आजोबा एकदाच बोलले, "बाई, तुमास्नी माझा तरास व्हायलाय."

सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना माझे हात थरथरत होते. रात्र तशी हलकी होती, एकच नवीन ॲडमिशन. मग एवढं गळून का गेलो? याच्या तिप्पट काम असलेल्या रात्री काढल्यात, त्या वेळी घरी येऊन डोकं टेकलं की झोप. तुमचं असं होतं का?

गंगावेशकर | सकाळी १०:३१

पासष्ट मिनिटं वाचून घशाशी आवंढा आला. आम्ही पेशंटचे नातेवाईक बाहेरच्या बाकड्यावर बसून "सिस्टर लक्षच देत नाहीत" म्हणत असतो. मीही म्हटलंय, वडिलांच्या वेळी. आज जरा लाज वाटली.

झोपा आधी ताई. धागा कुठं पळून जात नाही.

मुठेकाठी | सकाळी १०:५०

धागाकर्ते ताई आहेत की दादा? स्टाफ नर्स म्हणताय, आणि "आलो", "काढतो"? ब्रदर असाल तर तसं लिहा, गोंधळ होतोय.

गंगावेशकर | सकाळी १०:५३

अहो पुणेकर, आमच्याकडं बायकापण "आलो, गेलो" म्हणतात. आजीपासून नातीपर्यंत. विषयावर या.

काडेपेटी | सकाळी ११:२०

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. ताण कुणाला नाही? एसटीच्या ड्रायव्हरला नाही? बँकेतल्या कॅशियरला नाही? या क्षेत्रात सेवा म्हणून येतात, मग तक्रार कसली? आणि नर्सनी आपल्या मनानं इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली तर पहिला आरडाओरडा आपणच करणार.

संख्याबाई | दुपारी १:१५

माहेर शिवाजी पेठ, आता पुण्यात असते. कामाच्या ठिकाणचं आरोग्य हाच माझा अभ्यासाचा विषय, म्हणून जरा लांबण लावते.

काडेपेटींनी एसटीचा ड्रायव्हर काढला ते बरंच केलं. रॉबर्ट कारासेक नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९७९ मध्ये स्वीडन आणि अमेरिकेतल्या कामगारांची आकडेवारी घेऊन एक साधी मांडणी केली. कामाचा रेटा किती, ही एक बाजू. ते काम कसं, कधी, कोणत्या क्रमानं करायचं यात तुमचा शब्द किती चालतो आणि तुमचं कसब किती वापरलं जातं, ही दुसरी. दोन्ही जास्त-कमी धरल्या की चार खण पडतात. रेटा जास्त आणि शब्द शून्य, अशा कामात माणूस झिजतो. रेटा तेवढाच पण हात मोकळा असेल, तर तोच माणूस दमतो तरी शिकतो, वाढतो. बसचा ड्रायव्हर पहिल्या खणात बसतो: वेळापत्रक दुसऱ्याचं, रस्ता दुसऱ्याचा, शिव्या मात्र त्याला. म्हणजे तुमचं उदाहरण ताईंच्याच बाजूनं पडलं.

नाईटवाली, तुमच्या पासष्ट मिनिटांत रेटा फार नव्हताच. कळत होतं, हाताशी होतं, जबाबदारीही तुमचीच होती. फक्त परवानगी नव्हती. थरथर त्याची.

आता "ताण मनाचा असतो" म्हणणाऱ्यांसाठी. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९८५ पासून व्हाइटहॉल नावाच्या मोठ्या अभ्यासाचा दुसरा भाग सुरू झाला, १०,३०८ माणसं. सगळे टेबलखुर्चीवाले, उपाशी कुणी नाही. तरी ज्यांचा आपल्या कामावर शब्द कमी, त्यांच्यात हृदयविकार जास्त निघाला. पुढं २०१२ मध्ये युरोपातल्या जवळपास दोन लाख लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा रेटा जास्त-शब्द कमी अशा नोकरीत हृदयविकाराचा धोका साधारण २३ टक्क्यांनी जास्त आढळला. तंबाखूच्या मानानं हा परिणाम बराच कमी आहे, हेही त्यांनीच लिहिलंय. उगाच फुगवून सांगत नाही.

अडचण एकच. "जॉब कंट्रोल"ला मराठी काय म्हणायचं? "नियंत्रण" म्हटलं की साहेबाचं आपल्यावरचं वाटतं, अर्थच उलटा होतो.

गंगावेशकर | दुपारी १:४०

कासरा म्हणा की. बैलाचा दोर. कासरा कुणाच्या हातात?

मुठेकाठी | दुपारी १:४४

पण कासरा बैलाच्या हातात कधीच नसतो. उपमा चुकली.

गंगावेशकर | दुपारी १:४६

तेच तर म्हणणं आहे न्हवं.

नाईटवाली | दुपारी ४:३०

झोपून उठले. (पुणेकरांसाठी आता सांभाळून लिहिते.) संख्याबाईंचं वाचलं आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवेना. धाग्याचं नाव बदलून कासरा घातलाय.

२०१९चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद. उपसा केंद्रं बुडाल्यामुळं अर्धं शहर पाण्यात आणि नळाला थेंब नाही. आमच्या निम्म्या पोरी शिरोळ, करवीर, हातकणंगल्यातल्या गावांतून येणाऱ्या. त्या यायच्या कशा? आम्ही नऊजणी आत अडकलो ते पाचव्या दिवशी बाहेर पडलो.

मेट्रन मॅडम घरी अडकलेल्या, त्यांचा फोन लागेना. पहिल्या रात्री आमच्या इन-चार्ज सिस्टरनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, टेबलावर उलटं घातलं आणि पेन हातात घेऊन म्हणाल्या, "बोला, कुणाला कधी झोपायचंय?" चौदा वर्षांत हा प्रश्न मला दुसऱ्यांदा कुणी विचारलेला नाही. एकीला पहाटे झोपच येत नाही, तिनं पहाट घेतली. एकीची पाळी सुरू होती, तिला आम्ही बसून करायचं काम दिलं, औषधं काढायचं. दोन वॉर्ड एकात आणले, कुणाला विचारलं नाही. सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांत टँकरचं पाणी भरून स्टँडला उलट्या टांगल्या आणि खाली सेट सोडला, हात धुवायला. ही मावशींची कल्पना.

आणि सर्जन सर. एरवी फाईलला हात लावला तरी खेकसणारे. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका कोऱ्या पानावर लिहून दिलं: दुखलं तर हे, इतका ताप आला तर ते, उलटी झाली तर अमुक, बीपी इतक्याच्या खाली किंवा ड्रेसिंग भिजलं तर मला झोपेतून उठवा. खाली सही, तारीख. "बाकी तुम्ही बघा."

चार रात्री मिळून किती झोपले असेन? दहा-बारा तास. पण हात थरथरले नाहीत. पाणी उतरलं, मॅडम आल्या, कॅलेंडर भिंतीला गेलं. तो कागद टाकून द्यायला सांगितला, "आता नियमानं." मी टाकला नाही. अजून आहे माझ्याकडं, घडीवर फाटलाय.

लाटकरवहिनी | संध्याकाळी ५:०२

"कुणाला कधी झोपायचंय" वाचून रडायला आलं. मी पण नर्स. आमचा रोटा, म्हणजे कुणाची ड्युटी कधी तो तक्ता, रविवारी रात्री नऊला व्हॉट्सॲपवर पडतो, सोमवारच्या सकाळचा. पोराच्या शाळेची मीटिंग, सासूबाईंचं डायलिसिस, सगळं त्या फोटोवर. झूम करून आपलं नाव शोधायचं.

झोपेची_थकबाकी | रात्री ९:१०

मी रेसिडेंट डॉक्टर आहे. दोन गोष्टी सांगतो, दोन्ही कडू आहेत.

पहिली. महापुराचं ऐकायला छान वाटतं, पण ते पाच दिवस होते. पाच दिवस कुणीही काढतो. तीन वर्षं काढून दाखवा. केंद्र सरकारच्या १९९२च्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलंय की सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांच्या वर नको, आठवड्याला एक सुट्टी. तो कागद माझ्यापेक्षा वयानं मोठा आहे. मी या आठवड्यात एका दमात ३४ तास उभा होतो. मला "निर्णयात सहभाग" दिलात तर आभारी आहे, पण आधी झोपू द्या. नाहीतर उद्या साहेब म्हणतील, पोरांनो, काम तेवढंच, पण आता रोटा तुमचा तुम्ही बनवा! म्हणजे फास तोच, गाठ आपण मारायची.

दुसरी. ताई, तुमचा तिसरा फोन न उचलणारा तो डॉक्टर मी नसेन, पण मी असू शकलो असतो. हायवेवरून दोन हेड इंज्युरी आल्यात, एकाच्या तोंडात ट्यूब घालतोय, खिशात फोन वाजतोय. "बघतो" म्हणालो म्हणजे टाळलं नाही; खरंच बघणार होतो. फोनवर "द्या" का म्हणालो नाही? मागच्या महिन्यात असंच म्हणालो होतो. सकाळी राऊंडला सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पेशंट न बघता ऑर्डर द्यायला तुला कुणी सांगितलं?" आणि ऑपरेशननंतर एसओएस लिहायला गेलो तर म्हणाले, आमच्या युनिटमध्ये असं लिहीत नाहीत. का, ते विचारायची सोय नाही. तुमच्या खिशात निदान कपाटाची किल्ली तरी होती.

नाईटवाली | रात्री ९:४५

भावा, जेवलास का?

बाकीचं उद्या लिहिते. तू लिहिलंस ते मला चौदा वर्षांत कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. आम्हाला वाटतं तुम्ही झोपलेले असता.

झोपेची_थकबाकी | रात्री ९:४७

मिसळ खाल्ली. दुपारी चारला. तेच जेवण.

काडेपेटी | रविवार, सकाळी ८:३०

कोणती मिसळ? हा प्रश्न मात्र मनापासून.

(यावर आलेले ४१ प्रतिसाद "कोल्हापुरात मिसळ कुठे खावी – भाग ७" या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)

हाडांचा_वैद्य | रविवार, सकाळी ११:००

ऑर्थोपेडिक सर्जन, राजारामपुरीच्या बाजूला स्वतःचं १५ खाटांचं हॉस्पिटल. म्हणजे तुमच्या हिशोबानं कासरा माझ्या हातात. हसू आलं.

ऑपरेशन कोणतं करायचं ते मी ठरवतो. पेशंट सरकारी योजनेतला असेल तर मंजुरी पोर्टलवरून येते. कधी दोन तासांत, कधी तिसऱ्या दिवशी, आणि क्वेरी टाकणारा कोण ते मला दिसत नाही. इन्शुरन्सवाला विचारतो, पाचव्या दिवसाची गरज काय होती? कर्जाचा हप्ता बँक ठरवते. नातेवाईक पंधराजणांना घेऊन येतात तेव्हा काय होणार ते जमाव ठरवतो. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला राज्यात २०१० पासून कायदा आहे, पण रात्री दोनला दारात कायदा उभा राहत नाही, मी आणि वॉचमन उभे राहतो.

दुसरा मुद्दा ताईंसाठी. कायद्यानं पाहिलं तर तुम्ही केलंत तेच बरोबर. ऑर्डरशिवाय इंजेक्शन दिलं असतं आणि उद्या काही झालं असतं, तर तुमच्या मागं कुणीही उभं राहिलं नसतं. हे मी मालक म्हणूनच सांगतो.

नाईटवाली | रविवार, दुपारी १२:२०

सर, पटलं. एकच विचारते, उलट बोलते असं समजू नका. तुमच्या १५ खाटांत, ऑपरेशनच्या नोटखाली एसओएस वेदनाशामक तुम्ही दर वेळी लिहिता का?

हाडांचा_वैद्य | रविवार, दुपारी ३:०५

काल-परवाच्या बारा फाईली काढून पाहिल्या. सातमध्ये आहे. पाचमध्ये नाही.

पाचही ऑपरेशनं संध्याकाळी सातनंतरची. म्हणजे मी दमल्यावर विसरतो आणि रात्रीच्या सिस्टर तीन वाजता मला उठवायला घाबरतात. आमच्या सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, "सर, आम्ही पेशंटला गोष्टी सांगत बसतो." हे मला आज कळलं.

संख्याबाई | रविवार, दुपारी ४:४०

सर, हे इथं लिहिलंत याला धाडस लागतं.

यावर उपाय असतो आणि तो फुकट आहे. महापुरातल्या सर्जननी दिलेला कागद म्हणजेच लेखी स्टँडिंग ऑर्डर. नेहमीच्या ऑपरेशनांसाठी आधीच ठरवून ठेवायचं: कोणतं औषध, किती, किती वेळानं, कोणाला द्यायचं नाही, आणि कशानंतर डॉक्टरला उठवायचंच. कायदा मोडत नाही, कारण ऑर्डर डॉक्टरचीच असते. फक्त वेळ ठरवायचा हक्क पेशंटजवळ उभ्या असलेल्या माणसाकडं जातो.

आता रेसिडेंट भाऊंचा मुद्दा. तो शंभर टक्के खरा आहे. शब्द वाढवला म्हणून रेटा कमी होत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये आला. एका नर्समागं एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि नर्स करपून जाण्याची २३ टक्क्यांनी. आपल्याकडं भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण रुग्णालयाच्या साध्या वॉर्डाला ३ पेशंटमागं १ नर्स, इतरत्र ५ मागं १. ताईंच्या वॉर्डात १४ मागं १. मुभेच्या गोड गप्पांनी हे झाकायचं नाही.

आणि कारासेकच्या दोन बाजूंना पुढं तिसरी जोडली गेली, १९८८ मध्ये, जॉन्सन आणि हॉल यांनी: सोबत. रेटा जास्त, शब्द कमी आणि पाठीशी कुणी नाही, असा माणूस सगळ्यात आधी मोडतो. त्या रात्री फोनच्या दोन टोकांना दोन एकटी माणसं होती, बहुतेक एकाच इमारतीत.

डोंगराकडची | रविवार, रात्री ८:१५

मी समुदाय आरोग्य अधिकारी, जिल्ह्याच्या पश्चिमेकडं, उपकेंद्रात. पावसाळ्यात रस्ता जातो, तेव्हा मीच डॉक्टर, मीच नर्स, मीच फार्मसिस्ट. तुम्हाला वाटेल हिला मुभाच मुभा.

माझा साहेब म्हणजे ॲप. एक नव्हे, मोजले तर सहा-सात. तीस वर्षांवरच्यांचं बीपी-शुगर एकात, टीबी दुसऱ्यात, गरोदर बायका तिसऱ्यात, लसीकरण चौथ्यात. रेंज शाळेच्या मागच्या दगडावर येते. म्हणून दुपारी तीनला ओपीडी आवरून मी दगडावर, आशाताई छत्री धरून शेजारी. मागच्या आठवड्यात एक आजी चार किलोमीटर चालत आली, मी दगडावर होते. आजी तिथंच येऊन बसली, तिथंच बीपी घेतलं. ते बीपी ॲपमध्ये गेलं नाही, कारण त्या महिन्याचं टार्गेट दुसऱ्या वयोगटाचं होतं. मानधनाचा एक भाग या आकड्यांवर ठरतो. आजी आकड्यात नाही.

काम खूप आहे म्हणून मी थकत नाही. चांगलं काम मोजलं जात नाही आणि मोजलं जातं ते चांगलं असेलच असं नाही, त्यानं थकते.

लॅबवाला | रविवार, रात्री ९:००

आमचं उलट आहे, म्हणून कुणी विचारत नाही. रेटा नाही, शब्दही नाही. पूर्वी स्लाईड मायक्रोस्कोपखाली घेऊन मी डॉक्टरांना फोन करायचो, "साहेब, पेशी वेगळ्या दिसालेत, एकदा बघा." आता मशीनमध्ये ट्यूब घालायची, कागद बाहेर. अठरा वर्षांचं शिक्षण गंजालंय. संख्याबाई, तुमच्या चार खणांत आमचा खण आहे का?

संख्याबाई | रविवार, रात्री ९:२०

आहे. रेटा कमी, शब्द कमी: कारासेक त्याला "निष्क्रिय" काम म्हणतो. गंजणं हाच शब्द त्याला हवा होता.

मावशीचा_लेक | सोमवार, रात्री १०:५०

दोन दिस वाचालोय, आज लिवतो. माझी आई बावीस वर्षं एका दवाखान्यात मावशी हाय. ठेकेदार बदलतोय, पगाराची पावती बदलत्या, झाडू त्योच.

नाईटवाली ताई, तुमी लिवलंय "आम्ही दोघी आणि एक मावशी". त्या मावशीनं त्या रात्री काय केलं ते कुणी लिवलं न्हाई. महापुरातल्या बाटल्यांची कल्पना मावशीची, हे एका वळीत. तेवढं तरी लिवलंसा, बरं वाटलं.

मी शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीला हाय, मोल्डिंगवर. भट्टी तापली की लोखंड कुणासाठी थांबत न्हाई, आमच्याबी डोक्यावर लोड हाय. पण साच्याची वाळू ओली वाटली तर "ह्यात ओतू नका" म्हणायचा हक्क मला हाय. मी दहावी नापास. सुपरवायझर इंजिनिअर. तरीबी थांबतोय, कारण वल्या साच्यात ओतलं तर माल जातोय आन् माणूसबी जळतोय.

आईला तसा हक्क न्हाई. कुठल्या वॉर्डला जायाचं ते तिला सकाळी गेटवर कळतंय. खुर्चीत बसली तर सुपरवायझर फोटो काढतोय. पेशंटला पुसताना तिला पहिलं कळतंय की पाठीवर जखम व्हायल्या, नायतर ह्याचा रंग आज बरा न्हाई. सांगितलं तर "मावशी, तुम्ही तुमचं काम करा". आता ती सांगतबी न्हाई. घरी येऊन मला सांगत्या. मी ऐकून काय करणार? मला वाळू कळत्या.

झोपेची_थकबाकी | सोमवार, रात्री ११:३०

दादा, मी पण "तुम्ही तुमचं काम करा" म्हटलंय. एकदा नव्हे.

काडेपेटी | मंगळवार, सकाळी ९:००

वाचतोय. पण एक प्रश्न राहतोच. सगळ्यांनीच आपापलं ठरवायला लागलं तर दवाखाना चालणार कसा? शेवटी जबाबदार कुणीतरी एकच पाहिजे ना?

संख्याबाई | मंगळवार, सकाळी १०:१०

प्रश्न रास्त आहे. नेदरलँड्समध्ये २००६ पासून घरोघरी जाणाऱ्या नर्सची एक संस्था आहे, बुर्टझोर्ग. जास्तीत जास्त बारा जणींचा गट. पेशंट, वेळापत्रक, नवी माणसं घेणं, सगळं गट ठरवतो, वर मॅनेजर नाही. पुढं हजारो नर्स त्यात आल्या. पण ते घरगुती शुश्रूषेचं काम आहे. कॅज्युअल्टीत हार्ट बंद पडलेल्या माणसाभोवती मतदान घेता येत नाही, तिथं एकानंच बोलायचं असतं. म्हणून "सगळं" कुणीच मागत नाहीये. मागणी तीन-चार गोष्टींची आहे: रोटा, लेखी स्टँडिंग ऑर्डर, आणि "ओतू नका" म्हणायचा हक्क.

हाडांचा_वैद्य | मंगळवार, रात्री १०:००

शिक्का करून आणला. लक्ष्मीपुरीत, तासाभरात. पाच ओळी: औषध, मात्रा, अंतर, कुणाला नाही, कधी उठवायचं. ऑपरेशनच्या नोटखाली मारायचा आणि रिकाम्या जागा भरायच्या. जागा न भरता पेशंट वॉर्डात आला तर तो घ्यायचा नाही, असं सिस्टरना सांगितलंय. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा एक पेशंट ओटीच्या दारातून परत पाठवला. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

नाईटवाली | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी २:१५

बरेच जण व्यनि (खाजगी निरोप) करून विचारतायत म्हणून लिहिते.

महापुराच्या कागदाची झेरॉक्स घेऊन सर्जन सरांकडं गेले. त्यांनी चष्मा काढून आपलं अक्षर बघितलं, म्हणाले, "अजून ठेवलंयस?" युनिटच्या मीटिंगमध्ये मांडतो म्हणालेत. मांडलेलं नाही अजून. मी दर सोमवारी आठवण करते.

मेट्रन मॅडमकडून एक मात्र मिळालं: आमच्या वॉर्डचा महिन्याचा रोटा आम्हीच भरायचा, दोन महिने प्रयोग. अटी अशा की प्रत्येक नाईटला एक सीनियर पाहिजे आणि मोकळी जागा राहिली तर मॅडम भरणार. पहिल्या दिवशी भांडणं झाली. लग्न न झालेल्या पोरींच्या गळ्यात सगळे रविवार पडायला लागले, "तुला काय, घरी कोण वाट बघतंय?" मग रविवार आणि सणाच्या नाईट आधी चिठ्ठ्या टाकून वाटल्या आणि उरलेलं मोकळं ठेवलं. पेशंट २८ चे ३१ झालेत, नर्स दोघीच. ते काही बदललेलं नाही. त्यासाठी वेगळा अर्ज केलाय, सगळ्यांच्या सह्या घेऊन.

मावशीच्या लेकासाठी. रोटाचा कागद वॉर्डातल्या नर्सिंग स्टेशनवर लावला तेव्हा मला मोठा अभिमान वाटला होता. मावशी त्याच्या समोरून फरशी पुसत गेल्या आणि म्हणाल्या, "ह्यात आमचं नाव कुठं हाय?" नव्हतं. आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, मी तुझा प्रतिसाद वाचलेला असूनसुद्धा. दुसऱ्या दिवशी तिघी मावशींसाठी वेगळा कागद लावला; त्यांनी दिवस सांगितले, मी लिहिले. ठेकेदाराच्या सुपरवायझरनं तिसऱ्या दिवशी तो काढला, त्यांची माणसं तो ठरवणार म्हणून. मॅडम म्हणाल्या, करारात तसंच आहे, त्यांच्या हातात नाही.

आता आमच्याच कागदाच्या कडेला पेन्सिलीनं लिहितो, बारीक अक्षरात. अजून त्याच्या लक्षात आलेलं नाही.

मावशीचा_लेक | रविवार, दुपारी ३:००

पेन्सिल टोकदार ठेवा. आईला दाखवलं. ती म्हणत्या, ओव्हर घेताना मावशीलाबी शेजारी हुबं करा, ती पाठ बघून सांगंल.

नाईटवाली | रविवार, दुपारी ३:०४

उद्या सकाळी आठला करते.